सरस वाळेपर्यंत

मालाच्या भावावरून माझ्याशी भांडलेली माणसं मला आठवत नाहीत. ती रोजच यायची आणि त्यांच्यावर माझं पोट चालायचं. पण माझ्याच दुकानात, माझ्याच गिऱ्हाइकासमोर, माझीच खुर्ची उलटी करून तिच्या सांध्यात बोट घालणारा माणूस एकच भेटला. तो माझा घरमालक होता. सांगलीत पेठेच्या टोकाला त्याची जागा होती. पुढच्या बाजूला माझं जुन्या फर्निचरचं दुकान, मागच्या खोलीत तो एकटा. ही जागा पुढं माझी व्हायला हवी होती. झाली नाही. तो राग मी अजून सोडलेला नाही, आणि तो माणूस मला जितका आठवतो तितकं दुसरं कुणी आठवत नाही.

तो माण तालुक्यातला, दहिवडीकडचा. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. तरणा असताना फौजेत गेला, तिथं सुतारकामाच्या तुकडीत लागला आणि हवालदार होऊन परत आला. गावाला भाऊ मेंढरं हिंडवत होता, याची बायकोही त्याच भावाच्या घरी होती. हा मात्र सांगलीत जागा घेऊन राहिला. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "मेंढराला स्क्रू नसत्यात." सगळी पेठ त्याला हवालदारच म्हणायची. मीही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. शाळा अर्धी टाकून मांडववाल्याकडं खुर्च्या वाहिल्या. मग मोडक्या खुर्च्याच विकत घ्यायला लागलो, त्या दुरुस्त करून विकायला लागलो. लिलाव असो, बदली झालेल्या साहेबाचं घर असो नाहीतर माधवनगरच्या गिरणीच्या चाळी, जिथं लाकूड स्वस्त सुटेल तिथं मी हातगाडी घेऊन हजर. कुणी हात धरून वर आणलं नाही. म्हणून कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं तापायचं, आणि हवालदार तर दिवसभर शिकवायचा.

त्याचं वेड एकच होतं. लाकडात ढिला झालेला स्क्रू त्याला बघवत नसे. खुर्चीवर बसण्याआधी तो ती हलवून बघायचा, मग ती कुणाची का असेना. न्हाव्याकडं दाढीला गेला तर अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून न्हाव्याच्या कपाटाची बिजागरी काढून बसायचा. दवाखान्यात नंबर लावला की त्याचा नंबर येईपर्यंत डॉक्टरांच्या केबिनचं दार बिजागरीवरून उतरलेलं असायचं. डॉक्टर चिडायचे. हवालदार म्हणायचा, "तुमी माझं बघा, मी तुमचं बघतो. दोगंबी फुकट."

खिशात त्याच्या एक पत्र्याची डबी असायची. तिच्यात कापडाच्या वेगवेगळ्या पुरचुंड्या: सागाच्या ढलप्या, शिसवीच्या, बाभळीच्या, आंब्याच्या. सागाचं भोक सागानंच भरायचं, बाभळीचं बाभळीनं. "माणसात मी जात पाळत न्हाई," तो म्हणायचा, "पण लाकडात पाळतो." काडेपेटीची काडी कोंबून स्क्रू बसवणाऱ्या माणसाबद्दल तो असं काही बोलायचा की इथं लिहिता येणार नाही.

मी काडीसुद्धा घालत नसे. माझी रीत सोपी होती. भोक सैल झालं की जाड स्क्रू घालायचा. तोही सैल झाला की त्याहून जाड. दार उघडतंय, मिटतंय, गिऱ्हाईक खूश, मीही खूश. ते पाहिलं की हवालदार कपाळाला हात लावायचा.

"भोक मोठं झालं म्हणून तू स्क्रू मोठा करतोस. मग भोक आणखी मोठं हुतं. शेट, ह्याला शेवट हाय का न्हाई?"

"शेवट गिऱ्हाइकाच्या घरी हुतो," मी म्हणायचो. "माझ्या दुकानात न्हाई."

"व्हय. दार हातात आलं की तिथं पाटी बी तुझीच आठवत्यात."

त्याची रीत वेळखाऊ. स्क्रू काढायचा. भोकातला सडका भुसा सुईनं उकरून काढायचा. मग सरस. सुतारांची ती जुनी खळ, जनावरांच्या कातड्याहाडांची, डब्यात पाणी घालून ऊन करायची. वास असा की शेजारची भांडीवाली दुकानाचं अर्धं दार ओढून घ्यायची. तो ऊन सरस भोकात सोडायचा, त्यात ढलप्या ठोकून बसवायचा, वरनं पटाशीनं सपाट करायचा. आणि मग काही करायचं नाही. हे त्याच्या कामातलं सगळ्यात अवघड कलम होतं. सरस वाळेपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही, कुणाला लावू द्यायचा नाही. त्यानंतर गिरमिटानं बारीक भोक पाडायचं, स्क्रूला साबण चोळायचा आणि पिळायचा.

जुन्याच भोकात स्क्रू परत घालायचा असला तर त्याची आणखी एक खोड. स्क्रू आधी उलटा फिरवायचा, हळूहळू, कान लावून. जुन्या खाचेत बसून बारीक 'टक' झालं की म्हणायचा, "सापडला जुना आटा," आणि मग सुलटा फिरवायचा. हे मी त्याच्याकडनं शिकलो. कबूल करायला जड जातं, पण शिकलो.

दुकानात वस्तू सरसाखाली असली की तो तिच्यावर उलटा पाट ठेवून द्यायचा. पाट दिसला की समजायचं, विकायची नाही. मी तापायचो. गिऱ्हाईक दारात उभं, खिशात हात घातलेला, आणि हा पाट ठेवून बसलाय.

"आवं, माल माझा हाय!"

"माल तुझा, चौकट माझी. माझ्या चौकटीतनं ढिलं दार भाईर जायाचं न्हाई."

हे भाडेकरूला म्हणायचं बोलणं आहे का? पण तो म्हणायचा आणि मी ऐकून घ्यायचो, कारण जागा मोक्याची होती. त्या वेळी तरी मी स्वतःला हेच कारण सांगायचो.

तासगावच्या बागायतदाराचं कपाट हा आमच्यातला मोठा तमाशा. त्याची द्राक्षबाग, पोरीचं लग्न ठरलेलं, रुखवतात द्यायला त्याला जुन्या सागाचं भारी कपाट हवं होतं. मी माधवनगरच्या एका साहेबाच्या बंगल्यातनं तसलं उचललं होतं. आरसा होता, पितळी मुठी होत्या. फक्त उजवं दार लोंबत होतं. मी वरच्या बिजागरीला चांगले जाडजूड स्क्रू मारले, पॉलिश केलं, दार टणकन मिटायला लागलं. बागायतदार दोन मुलग्यांसह ट्रॅक्टरची ट्रॉलीच घेऊन आला. बोलणी झाली. चहा झाला. मुलगे कपाटाला हात घालणार एवढ्यात मागच्या खोलीतनं हवालदार आला, त्यानं दार उघडलं आणि त्याच्या टोकाला दोन्ही हातांनी लोंबकळला. म्हातारा माणूस, पाय उचलून, माझ्या कपाटाच्या दाराला! बिजागरी कर्रकन आवाज करून बाहेर आली आणि तिच्याबरोबर चौकटीची एक लांब चिरफळीही.

बागायतदार माझ्याकडं बघायला लागला.

मी काय काय बोललो ते सांगत नाही. पेठ गोळा झाली होती. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, मग बागायतदाराला म्हणाला, "पावनं, तुमची लेक सासरी पयल्यांदा कपाट उघडंल तवा चार बायका बघत असतील. दार हातात आलं तर त्या कुणाला हसतील? ह्याला न्हाई हसणार. कपाट ठिवा, सरस वाळला की न्या."

बागायतदार हसला. त्यानं कपाट ठेवलं. हवालदारानं चिरफळी बसवली, भोकं भरली, पाट ठेवला. ट्रॉली परत रिकामी गेली आणि नंतर पुन्हा आली. पुढं त्या माणसानं आपली सगळी सोयरीक माझ्या दुकानात पाठवली. तासगावकडं लग्न निघालं की लोक माझं नाव घ्यायला लागले. बरं वाटायचं. पण पेठेत कुणीतरी हमखास म्हणायचं, "हवालदारानं दुकान वर आणलं." खुर्च्या वाहिल्या मी, हातगाडी ओढली मी, उन्हातान्हात माधवनगरच्या चाळी पालथ्या घातल्या मी, आणि दुकान वर आणलं हवालदारानं!

माझी बायको दुपारी डबा घेऊन यायची. ती त्याच्याही वाटणीची भाकरी आणायची. मी चिडलो की ती म्हणायची, "एवढं भांडताय, मग त्यांच्या ताटाशी का बसताय रोज?" मी भाकरीचा तुकडा मोडायचो.

भाडं ठरवायची त्याची तऱ्हाही निराळी. मेंढरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. टॉवेलाखाली दोघांचे हात जातात आणि एकमेकांची बोटं धरून, दाबून किंमत ठरते. आजूबाजूच्यांना काही कळू नये म्हणून. बोटं जुळली तर सौदा झाला. कुणी हात काढून घेतला तर संपला. परत विचारायचं नाही, आणि टॉवेलाखाली काय झालं ते बाहेर बोलायचं नाही. हवालदार दर पाडव्याला खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्यापुढं बसायचा. खोलीत आम्ही दोघंच.

"हितं कोण बघतंय हवालदार? सरळ बोला की."

"तुझी बायको ऐकतीय."

"मी न्हाई ऐकत," ती पलीकडनं ओरडायची, "मला ठाऊकच हाय भाडं!"

टॉवेलाखाली तो आधीच्या वर्षापेक्षा एक बोट जास्त धरायचा. मी ते बोट दुमडायचो. तो हसायचा, माझ्या तळहातावर थाप मारायचा. झालं. भाडं होतं तेवढंच राहायचं. दर पाडव्याला हेच. तो एक बोट धरणार, मी एक बोट दुमडणार. त्याला सौद्याची हौस, मला जिंकल्याचं समाधान. पुढच्या गोष्टीसाठी हे ध्यानात ठेवायला हवं, कारण माझी तक्रार नेमकी इथंच आहे.

बहात्तरच्या दुष्काळानं माणची माणसं पार वाळवली. हवालदाराच्या भावाची निम्मी मेंढरं गेली आणि मग भावानंही अंथरूण धरलं. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात हवालदार मला म्हणाला, "मी गावाकडं जातो. ही जागा द्यायची हाय."

मी हातातलं पॉलिशचं फडकं तसंच फिरवत राहिलो. इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या चौकटीत बसलो होतो. स्वतःची जागा म्हणजे काय, हे ज्यानं मांडववाल्याच्या गोदामात झोपून दिवस काढलेत त्यालाच कळेल. जागेवर पेठेतल्या सायकलवाल्याचाही डोळा होता. त्याला दुकान वाढवायचं होतं. पण हवालदार पहिल्यांदा माझ्याकडं आला होता. मी मनात एक आकडा धरून ठेवला. तो देण्याची माझी तयारी होती, आणि त्याच्या वरचाही देण्याची होती.

त्यानं टॉवेल काढला. आमचे हात आत गेले. त्यानं माझी बोटं धरली.

माझ्या मनातल्या आकड्यापेक्षा ते कितीतरी कमी होतं. किती, ते मी आजही सांगणार नाही. टॉवेलाखालचं आहे. मला वाटलं म्हाताऱ्याचा हात चुकला. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो शांत होता, जरा हसल्यासारखा. आणि तेवढ्यात माझ्या हातानं, मी काही विचार करायच्या आत, दर पाडव्यासारखं त्यानं धरलेलं एक बोट दुमडलं.

तो हसला नाही. थाप मारली नाही. थोडा वेळ त्याचा हात तसाच राहिला. मग त्यानं तो काढून घेतला, टॉवेल झटकला, घडी घालून खांद्यावर टाकला आणि उठून मागच्या खोलीत गेला.

"हवालदार, हात द्या परत!" मी म्हटलं. "आवं, सवयीनं झालं!"

आतनं स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला.

त्या आठवड्यात मी तीनदा विषय काढला, तीनदा त्यानं दुसरंच काहीतरी काढलं. मग पेठेत कळलं की जागा सायकलवाल्याला दिली. मी तडक आत गेलो.

"त्याच्याकडनं काय ज्यादा घेतलंत?"

"टॉवेलाखालचं टॉवेलाखाली."

"दर साल मी एक बोट दुमडतो. दर साल तुमी हसता. औंदाच काय झालं?"

तो डबीतल्या पुरचुंड्या सोडून परत बांधत बसला होता. म्हणाला, "दर साल मी दुमडायसाठी एक बोट जास्त धरत हुतो. औंदा धरलं न्हवतं."

"मग तोंड न्हवतं का सांगायला?"

त्यानं पुढची पुरचुंडी सोडायला घेतली. माझं डोकं सरकलं. ओळखीचे वकील म्हणाले, गप बसून राहा, भाडेकरूला कुणी हलवू शकत नाही. ते मलाही माहीत होतं. पण त्या चौकटीत आता मला एक दिवस काढायचा नव्हता. मी हातगाड्या बोलावल्या. माल भरला. शेवटी माझ्या नावाची पाटी राहिली. ती मी चौकटीला चार स्क्रूंनी मारली होती, माझ्या पद्धतीनं, जाड. मी पटाशी घेतली आणि पाटीखाली घालून उचकटायला लागलो.

हवालदार बाहेर येऊन उभा राहिला. "स्क्रू हायत तिथं. फिरवून काढ. चौकट फाटंल."

"फाटू द्या! मालक आता दुसरा हाय."

पाटी आली, स्क्रूंसकट. त्यांच्याबरोबर सागाचे तुकडेही आले. हवालदार वाकला, त्यानं ते तुकडे वेचले आणि डबीत टाकले. माझ्याकडं बघितलं नाही. मी त्याला शेवटचं बघितलं ते तेव्हाच.

मी मागच्या गल्लीत जागा घेतली. जागा आडोशाची, धंदा बसायला वेळ लागला. तासगावची माणसं शोधत यायची, आणि हवालदार कुठाय म्हणून विचारायची. मी म्हणायचो, गेला गावाकडं. सांगलीहून माणला एस.टी. जाते. एका दिवसात जाऊन येता येतं. पण त्यानं आधी यावं की मी आधी जावं, हा सौदा मी मनाशी करत राहिलो. बायको दोन-चारदा म्हणाली, "जाऊन या की हो." मी म्हटलं, "हात त्यानं काढलाय. त्यानंच द्यावा." त्या बाजूनं लोकर विकायला येणारा एक माणूस होता. त्याच्याकडनं एकदा कळलं की हवालदारानं गावातल्या शाळेचे सगळे बाक उलटे करून ठेवलेत आणि मास्तर वैतागलेत. मी हसलो. पुढच्या खेपेला त्याच माणसानं सांगितलं की हवालदार गेला.

त्यानंतर बरेच दिवस मी त्या रस्त्यानं गेलो नाही. एकदा सायकल पंक्चर झाली, ओढत नेत होतो, तर तो सायकलवालाच दुकानातनं ओरडला, "शेट, हिकडं आणा. किती दिवस तोंड चुकवणार?"

मी गेलो. तो टायर काढत होता. मी चौकटीकडं बघणार नव्हतो, पण बघितलं. त्याची पाटी वर पत्र्याला टांगलेली होती. चौकट मोकळी होती.

"पाटी चौकटीला का न्हाई मारली?" मी विचारलं.

"म्हाताऱ्यानं मारू दिली न्हाई," तो म्हणाला. "ताबा द्यायच्या आधी त्यानं बसून ती भोकं भरली. तुमच्या पाटीबरोबर जे तुकडं निघालं हुतं न्हवं, तेच घातलं. मी म्हटलं, आवं, मी वरनं पाटी मारणार हाय, कशाला एवढं? तर म्हणाला, हितं भाडेकरूची पाटी असती. पुढचा दुकानाचा खण त्याचा, त्याला हलवायचा न्हाई, जागा ह्या बोलीवर देतो. मी म्हटलं, भाडेकरू हाय कुठं? तो तर गाड्या भरून गेला. म्हणाला, रागानं गेलाय, परत यील. मी म्हटलं, कुठवर वाट बघू? म्हणाला, सरस वाळूस्तवर तरी बघ."

"मग?"

"बघितली की. लय दिवस खण रिकामाच ठिवला हुता. तुमी काय आला न्हाई. मग मी सायकली लावल्या." तो टायर सोडून माझ्याकडं बघायला लागला. "तुमाला त्यानं सांगितलं न्हवतं?"

मी चौकटीजवळ गेलो. पाटीची जागा मला पाठ होती, म्हणून भोकं कुठं होती ते कळलं. नाहीतर कळलं नसतं. मी त्यांच्यावरनं अंगठा फिरवला. एकाचीही कड हाताला लागली नाही.

आता माझ्या दुकानात सैल भोकाला जाड स्क्रू पडत नाही. भरलेल्या वस्तूवर मी उलटा पाट ठेवतो आणि गिऱ्हाईक कितीही तापलं तरी देत नाही. लोक म्हणतात, वयानं शांत झाला. तसं काही नाही. सरस वाळेपर्यंत थांबायची सवय हवालदाराला होती, मला नव्हती, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मग त्यानं दोन शब्द तोंडानं बोलायला हवे होते. माझं हे म्हणणं अजून आहे. फक्त ते ज्याला सांगून भांडायचं, तो माणूस आता नाही.